फारखतीची खूण

१७३६ सालचा फेब्रुवारी महिना. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरील जॉर्जिया ही इंग्रजांची वसाहत वसून अवघी तीन वर्षे झाली होती, आणि नुकताच जहाजातून उतरलेला एक इंग्रज पाद्री तेथील एका जर्मन धर्मोपदेशकाकडे सल्ला मागत होता. इंग्रजाचे नाव जॉन वेस्ली, वय बत्तीस, ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजचा फेलो, उपास, प्रार्थना, तुरुंगातील कैद्यांची विचारपूस आणि प्रभुभोजनाचा नेम यांत इतका काटेकोर की, सहाध्यायांनी त्याच्या मित्रमंडळास 'मेथडिस्ट', म्हणजे 'शिस्तवाले', असे कुत्सित नाव ठेवले होते. जर्मनाचे नाव ऑगस्ट श्पांगेनबर्ग. तो मोरेव्हियन पंथाचा, आणि वयाने वेस्लीपेक्षा वर्षभराने लहानच. या नव्या मुलखात आपण कसे वागावे, असे वेस्लीने विचारले. उत्तर देण्यापूर्वी श्पांगेनबर्गने त्यालाच विचारले की, तू देवाचे लेकरू आहेस अशी साक्ष तुला तुझ्या अंतर्यामी मिळाली आहे काय? वेस्ली गोंधळला. ते पाहून जर्मनाने प्रश्न सोपा केला: येशू ख्रिस्ताला तू ओळखतोस काय? क्षणभर थांबून वेस्ली म्हणाला की, तो जगाचा तारणारा आहे हे मी जाणतो. खरे आहे, पण त्याने तुला तारले आहे हे जाणतोस काय? यावर, माझ्या तारणासाठी तो मेला अशी मला आशा आहे, एवढेच त्या विद्वानाच्या तोंडून निघाले. शेवटी आणखी एका प्रश्नाला त्याने कसेबसे 'होय' म्हटले खरे. परंतु ते शब्द पोकळ होते अशी भीती वाटते, अशी नोंद त्याने आपल्या रोजनिशीत प्रामाणिकपणे करून ठेवली.

'जाणतो' आणि 'आशा आहे' या दोन शब्दांमधील अंतर हा या प्रकरणाचा विषय होय. ख्रिस्ती धर्मात पापांची क्षमा आहे, हे त्या धर्माशी वरवर परिचय असलेल्यासही ठाऊक असते; पण क्षमा असणे ही एक गोष्ट, ती आपल्याला मिळाली असणे ही दुसरी, आणि मिळाली असल्याचे आपल्याला निश्चितपणे कळणे ही तिसरी. मराठी ख्रिस्ती मंडळी या तिसऱ्या गोष्टीला 'तारणाची खात्री' म्हणतात. या खात्रीपायी मठ ओस पडले, पंथ फुटले, कित्येक माणसे आनंदाने मरणास सामोरी गेली आणि कित्येकांना वेड लागले. म्हणून तिचा इतिहास थोडा सावकाशीने पाहिला पाहिजे.

पाप आणि कर्ज

येशूची बोलभाषा अरामी होती, आणि त्या भाषेत 'होबा' हा एकच शब्द पाप आणि कर्ज या दोन्ही अर्थांनी वापरला जाई. येशूने शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेचे जे दोन पाठ ग्रीक शुभवर्तमानांत आले आहेत, त्यांपैकी मत्तयाच्या पाठात क्षमा मागितली आहे ती ऋणांची आणि लूकच्या पाठात ती पापांची. हा फरक एरवी बुचकळ्यात टाकणारा आहे. मूळचा एक शब्द ध्यानात घेतला म्हणजे तो सहज उलगडतो. क्षमा करणे या अर्थी तेथे येणारे ग्रीक क्रियापद तर 'सोडून देणे' या अर्थाचे आहे. सावकार कुळाला सोडतो, तगादा थांबतो, रक्कम खात्यावरून उतरते. ख्रिस्ती धर्मातील क्षमेची मूळ कल्पना ही अशी हिशेबी, व्यवहारी आणि गरिबाला तात्काळ कळणारी आहे.

या कल्पनेचा सर्वांत भरदार आविष्कार मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्तात सापडतो. एक राजा आपल्या चाकरांचा हिशेब घेण्यास बसला असता दहा हजार तालांत देणे असलेला एक चाकर त्याच्यापुढे आणण्यात येतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा देणे झाले सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे. वर्षाचे तीनशे दिवस काम मिळते असे धरले, तरी ते फेडण्यास दोन लाख वर्षे लागावीत! ऐकणाऱ्या गालीली शेतकऱ्याला हा आकडा ऐकून हसू आले असेल, आणि येशूला बहुधा तेच हवे होते. कारण राजाच्या पाया पडलेला तो चाकर जे मागतो, ते त्या आकड्याहूनही हास्यास्पद आहे. तो मुदत मागतो. थोडे थांबा, सगळे फेडतो, असे म्हणतो. राजाला दया येते आणि तो मुदत न देता सारे कर्जच माफ करून टाकतो. या दृष्टान्ताचा उत्तरार्ध आपण शेवटास पाहू; तूर्त एवढेच लक्षात ठेवावे की, चाकराने मागितली मुदत आणि त्याला मिळाली माफी.

कर्जाची ही भाषा पौलाच्या पत्रपरंपरेत आणखी पुढे जाते. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की, आपल्याविरुद्ध असलेला लेख देवाने पुसून टाकला आणि क्रुसाला खिळून रद्द केला. येथे आलेला मूळ ग्रीक शब्द ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या कर्जरोख्याचा वाचक आहे. असा कागद सावकाराच्या पेटीत असेपर्यंत ऋणकोचा जीव टांगलेला राहतो, हे त्या काळच्या माणसाला सांगावे लागत नसे. इसवी सन ६६ मध्ये यरुशलेमात बंड उसळले, तेव्हा बंडखोरांनी प्रथम ज्या इमारतींना आग लावली त्यांत दप्तरखाना होता आणि हेतू सावकारांचे रोखे नष्ट करण्याचा होता, असे योसेफस हा इतिहासकार सांगतो. हे वाचताना मराठी वाचकास १८७५ सालच्या मे महिन्यातील सुपे गावचा बाजार आठवल्यावाचून राहणार नाही; पुणे जिल्ह्यातील रयतेने तेथे सावकारांचे रोखे आणि वह्या काढून जाळल्या, आणि पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात भरणा केलेल्या रकमेची लेखी पावती मिळण्याचा हक्क कुळाला मिळाला. कर्ज फिटणे पुरेसे नसते. ते फिटल्याची फारखती हाती असावी लागते, हे ज्ञान यरुशलेमच्या आणि सुप्याच्या कुळांना सारखेच होते.

विसार

मग क्षमा झालेल्या पापी माणसाजवळ फारखती म्हणून काय असते? पौलाचे उत्तर व्यापाऱ्यांच्या बोलीत आहे. देवाने विश्वासणाऱ्यांवर मुद्रा केली आणि पवित्र आत्मा हा 'अर्राबोन' म्हणून त्यांच्या अंतःकरणात दिला, असे तो करिंथकरांस लिहितो. हा शब्द ग्रीकांनी सेमिटिक व्यापाऱ्यांकडून उचलला. सौदा ठरताना खरीददाराने आगाऊ दिलेली रक्कम, जी घेतल्यावर सौदा मोडता येत नाही, असा त्याचा अर्थ; आणि मराठी पवित्र शास्त्राने त्यासाठी योजलेला शब्द इतका नेमका आहे की त्यापुढे मूळ फिके वाटावे. तो शब्द 'विसार'. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या मराठी भाषांतरात तर हा विसार 'वतना'चा आहे. जमिनीचा व्यवहार ज्याने आयुष्यात एकदा जरी केला असेल, त्याला या दोन शब्दांवर वेगळे भाष्य नको.

परंतु त्याच शास्त्रात दुसऱ्या सुरातली वचनेही आहेत, आणि ती दडवून चालणार नाही. भीत व कापत आपले तारण साधून घ्या, असा उपदेश तोच पौल फिलिप्पैकरांस करतो, आणि इतरांना घोषणा करून आपण स्वतः नापसंत ठरू नये म्हणून शरीराला दाबात ठेवतो, असेही म्हणतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, एकदा प्रकाश मिळून पतित झालेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, अशी धडकी भरविणारी वाक्ये आहेत. ही वाक्ये वाचून आरंभीच्या शतकांतील पुष्कळ ख्रिस्ती लोक बाप्तिस्माच लांबणीवर टाकीत. कारण बाप्तिस्म्याने मागील सर्व पाप धुऊन निघते, पण पुढील पापाचे काय, याची त्यांना शाश्वती वाटत नसे. रोमन बादशहा कॉन्स्टंटाईन याने चर्चला राजाश्रय दिला, नायसिया येथील धर्मपरिषद भरविली, आणि स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ साली मरणशय्येवर. खात्री मिळविण्याचा हा एक मार्गच होता: खाते बंद होण्याच्या आदल्या घटकेला सारी बाकी माफ करून घ्यावयाची, म्हणजे नवे देणे चढण्यास अवसरच राहत नाही.

सर्वांनाच मरणाची वेळ साधत नाही. म्हणून बाप्तिस्म्यानंतरच्या पापांसाठी चर्चने प्रायश्चित्ताची व्यवस्था सिद्ध केली. आयर्लंडच्या मठांतून सहाव्या-सातव्या शतकांत, कोणत्या पापास किती उपास, याची कोष्टके निघाली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा पुरोहितासमोर पापनिवेदन केलेच पाहिजे, असे ठरविले. गोव्यात ज्याला पोर्तुगीज शब्दावरून 'कुमसार' म्हणतात तो हा संस्कार. त्यातील मानसशास्त्र सूक्ष्म आहे. पापी मनुष्य आपल्या तोंडाने पाप उच्चारतो आणि आपल्या कानांनी मुक्ततेचे शब्द ऐकतो. मनातल्या मनात घोळणाऱ्या शंकेला बाहेरून आलेला मानवी आवाज उत्तर देतो. हा आवाज लक्षावधींना पुरला, आजही पुरतो. पण ज्यांना पुरला नाही, त्यांपैकी एकाने पुढे युरोपचे दोन तुकडे केले.

कागदावरची क्षमा

त्याच्याकडे वळण्यापूर्वी एक कागद पाहिला पाहिजे. योहान गुटेनबर्गच्या माइन्झ शहरी १४५४ साली छापलेले, एकतीस ओळींचे एक क्षमापत्र उपलब्ध आहे; छपाईची तारीख निश्चित सांगता येते अशा युरोपातील अगदी पहिल्या मुद्रित वस्तूंत त्याची गणना होते. सायप्रस बेटाचे तुर्कांपासून रक्षण करण्यासाठी पैसा हवा होता, तो देणाऱ्यांसाठी हे पत्र. चर्मपत्रावर सारा मजकूर छापील. फक्त घेणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख यांसाठी कोरी जागा सोडलेली, ती लेखकाने शाईने भरावयाची. आजही एखाद्या कचेरीत छापील नमुन्यावर आपले नाव घालून दाखला मिळतो, तसे. हाती घेऊन घरी नेता येईल, पेटीत ठेवता येईल आणि प्रसंगी दाखविता येईल अशी ही फारखती.

न्यायाने बोलायचे तर, चर्चची शिकवण या कागदांच्या विक्रेत्यांपेक्षा पुष्कळ सावध होती. पापाचा दोष पश्चात्ताप आणि पापनिवेदन यांनीच जातो. क्षमापत्राने सुटते ती दोष गेल्यावरही भोगावयाची उरलेली ऐहिक शिक्षा, असा भेद तिने केला होता. परंतु बाजारात उभ्या असलेल्या माणसाला एवढा बारीक भेद समजत नाही, आणि विकणाऱ्याला तो समजावून सांगण्याची निकडही नसते. १५१५ साली पोप दहावा लिओ याने रोममधील सेंट पीटर मंदिराच्या बांधकामासाठी जी क्षमापत्रे मंजूर केली, त्यांच्या जर्मनीतील विक्रीचे उत्पन्न निम्मे रोमला जावयाचे होते, आणि निम्मे माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याने आपल्या पदासाठी आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून काढलेल्या कर्जाच्या फेडीस. परलोकीच्या कर्जातून सुटण्यासाठी गरिबाने दिलेल्या पैशातून एका धर्माधिकाऱ्याचे इहलोकीचे कर्ज वारले जात होते!

या विक्रीविरुद्ध ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी पंच्याण्णव सिद्धान्त मांडणारा मार्टिन लूथर हा विटेनबर्गचा प्राध्यापक मूळचा ऑगस्टीनी संन्यासी. १५०५ साली विजेच्या कडकडाटात भयभीत होऊन त्याने संन्यासाची शपथ घेतली आणि एरफुर्टच्या मठात प्रवेश केला. मठात तो तासन्‌तास पापनिवेदन करी. एखादे पाप सांगावयाचे राहिले तर नसेल, सांगितलेल्या पापाचा पश्चात्ताप पुरेसा झाला की नाही, आणि झालेला पश्चात्ताप देवाच्या प्रेमाने झाला की नरकाच्या भीतीने, या शंकांना अंत नव्हता. त्याचा गुरू श्टाउपित्झ त्याला पाहून थकला. लूथरला जे अखेर उमगले ते पौलाच्या रोमकरांस पत्रात: देवाचे नीतिमत्त्व म्हणजे मनुष्याकडून देव वसूल करतो ते नव्हे, तर तो विश्वास ठेवणाऱ्याला देऊन टाकतो ते. खात्री शोधताना तो आजवर स्वतःच्या अंतःकरणात पाहत होता. तेथे काही स्थिर सापडणारच नव्हते. वचन देणारा जो, त्याच्याकडे पाहावयाचे. म्हणून पुढील आयुष्यातही निराशेचे झटके येत, आणि ते मरेपर्यंत येत राहिले, तेव्हा आपल्या भावनांची झडती घेण्याऐवजी तो एका घडलेल्या गोष्टीचा आधार घेई: मला बाप्तिस्मा झालेला आहे.

ट्रेंट आणि रुआँ

कॅथलिक चर्चने याला दिलेले उत्तर पुष्कळदा केवळ हेकट म्हणून रंगविले जाते. ते तसे नाही. १३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंटच्या परिषदेने नीतिमान ठरविले जाण्यासंबंधीचा आपला विस्तृत ठराव संमत केला आणि त्याच्या नवव्या अध्यायात सांगितले की, देवाच्या दयेविषयी, ख्रिस्ताच्या पुण्याविषयी आणि संस्कारांच्या सामर्थ्याविषयी कोणीही शंका घेऊ नये. परंतु स्वतःचे दौर्बल्य पाहणाऱ्याला आपल्या कृपावस्थेविषयी भय वाटणे रास्त आहे, आणि आपल्या पापांची क्षमा झाली अशी घमेंड मिरविल्याने कोणाची क्षमा होत नाही. शंका धनकोविषयी नाही, ऋणकोविषयी आहे. मनुष्याने आशा करावी, दृढ आशा करावी. पण निकालपत्र स्वतःच लिहू नये.

या भूमिकेचे सर्वांत सुंदर उदाहरण ट्रेंटच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचे आहे. १४३१ साली रुआँ येथे झोन द आर्क हिची चौकशी चालू असता, तू देवाच्या कृपेत आहेस काय, असा प्रश्न न्यायाधीशांनी त्या खेडवळ पोरीला टाकला. 'होय' म्हणावे तर चर्चच्या शिकवणीविरुद्ध अहंकार, 'नाही' म्हणावे तर स्वमुखे गुन्ह्याची कबुली. ती म्हणाली की, नसेन तर देवाने मला तेथे आणावे, आणि असेन तर तेथेच राखावे. जॉर्जियातील त्या विद्वानाजवळ ज्या प्रश्नाला उत्तर नव्हते, त्याच जातीच्या प्रश्नाला एका निरक्षर मुलीने दिलेले हे उत्तर. आणि त्यात 'जाणतो' हा शब्द कोठेही नाही.

आपलीच झडती

प्रोटेस्टंटांच्या दुसऱ्या पिढीत प्रश्नाला वेगळेच वळण लागले. जिनिव्हाच्या जॉन कॅल्व्हिनने, देव आपल्यावर प्रसन्न आहे हे निश्चित ज्ञान म्हणजेच विश्वास, असे सांगितले. पण कोणाला तारावयाचे हे देवाने अनादिकाली ठरविले आहे, असेही त्याने शिकविले. आपली निवड शोधावयाची तर ख्रिस्तरूपी आरशातच शोधा, असे तो बजावून सांगे. शिष्यांनी मात्र आरसा फिरविला. मी निवडलेल्यांपैकी आहे काय, हे ठरविण्यासाठी इंग्लंडातील प्युरिटन मंडळी स्वतःच्या वर्तनात निवडीची चिन्हे शोधू लागली. रोजनिशीत दररोजच्या मनोवृत्तींची जमाबंदी होऊ लागली. खरा विश्वासणारासुद्धा खात्री लाभेपर्यंत दीर्घकाळ झगडू शकतो, असे १६४६ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या श्रद्धाप्रकटनास नमूद करावे लागले, यावरूनच रोग किती पसरला होता ते दिसते.

जॉन बन्यन हा बेडफर्डजवळचा कल्हईवाला याच हवेत वाढला. १६७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रूपककथेचा मराठी अवतार हरि केशवजी यांनी 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ सालीच केला, आणि त्यामुळे ती मराठी गद्याच्या आरंभीच्या पुस्तकांत जमा आहे. तिच्यातील यात्रेकरूच्या पाठीवरचे ओझे क्रुसापाशी गळून पडते, तेव्हा त्याला मुद्रा केलेली एक गुंडाळी मिळते. ती स्वर्गाच्या दाराशी दाखवावयाची असते. पुढे डोंगर चढताना तो एका मांडवात झोपी जातो, गुंडाळी हातातून पडते, आणि ती शोधण्यासाठी त्याला रडत मागे जावे लागते. बन्यनला नेमके ठाऊक होते: ओझे पडले ते पडले, ते परत पाठीवर चढत नाही, हरवते ती पावती. तारण आणि तारणाची खात्री यांतील भेद एवढ्या सोप्या चित्रात दुसऱ्या कोणी क्वचितच दाखविला असेल.

पावती कायमची हरवल्याचे दुःख कवी विल्यम कूपरच्या वाट्यास आले. गुलामांच्या व्यापारातील जहाजांचा कप्तान असलेला आणि नंतर पाळक झालेला जॉन न्यूटन हा त्याचा मित्र. दोघांची मिळून 'ओल्नी हिम्स' ही गीतसंहिता १७७९ साली निघाली. तीतील साठांहून अधिक गीते कूपरची, आणि त्यांतील काही इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती जगात आजही क्षमेची ग्वाही म्हणून गाइली जातात. परंतु १७७३ च्या आरंभी आलेल्या मनोविकाराच्या झटक्यापासून देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे, असे कूपरच्या मनाने घेतले, आणि १८०० साली मरेपर्यंत ते हलले नाही. दुसऱ्यांच्या फारखत्या लिहून देणारा हा कारकून स्वतः जन्मभर बंदीत राहिला. खात्री नसली म्हणजे तारणही नाही, असे मानणाऱ्या कोणत्याही पंथाने कूपरचे काय करावयाचे, याचे उत्तर आधी तयार ठेवावे.

पावणेनऊ वाजता

वेस्लीला आपण जॉर्जियात सोडले होते. तेथे येताना, २५ जानेवारी १७३६ रोजी, भर समुद्रात झालेल्या वादळात जहाजाचे मोठे शीड फाटले, लाटा डेकवरून आत घुसल्या, इंग्रज प्रवासी किंचाळू लागले. मोरेव्हियन मंडळी मात्र चाललेले स्तोत्र न थांबविता गात राहिली. तुम्हांला भय वाटले नाही काय, बायकामुलांनाही नाही, असे वेस्लीने नंतर विचारले असता, आमच्या बायकामुलांना मरणाचे भय नाही, असे उत्तर मिळाले. ते त्याच्या जिव्हारी लागले. जॉर्जियातील त्याचे कार्य फसले आणि दोन वर्षांनी तो खिन्न मनाने लंडनला परतला. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी, जाण्याची फारशी इच्छा नसताना, तो ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेस गेला. तेथे कोणीतरी लूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचीत होते. पावणेनऊच्या सुमारास, आपल्या हृदयाला विलक्षण ऊब जाणवली आणि ख्रिस्ताने आपली, होय आपलीसुद्धा, पापे दूर केली अशी खात्री पटली, असे त्याने लिहून ठेवले आहे. मेथडिस्ट चळवळीच्या इतिहासात ती घटका फार महत्त्वाची मानली जाते.

परंतु ज्या रोजनिशीत ही नोंद आहे, तिचीच पुढील पाने क्वचितच उद्धृत होतात. ४ जानेवारी १७३९ रोजी, म्हणजे साडेसात महिन्यांनी, याच वेस्लीने, मी आज ख्रिस्ती नाही, असे स्वच्छ लिहिले. ऊब ओसरली होती. ती ओसरल्यावर तो घरी बसला नाही, हे त्याचे मोठेपण; त्याच वर्षी ब्रिस्टलच्या खाणकामगारांपुढे उघड्या मैदानात उभा राहून त्याने उपदेश सुरू केला, आणि पुढे पन्नास वर्षे घोड्यावरून इंग्लंड पालथे घातले.

केडगाव

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट उच्चार पंडिता रमाबाईंनी केला. कर्माचा भोग फेडल्यावाचून सुटका नाही, या विचारात जन्मलेल्या आणि शास्त्रे मुखोद्‌गत केलेल्या या विदुषीने २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. पापाचे ओझे तसेच होते. ते उतरल्याची खात्री आपल्याला त्यानंतर आठ वर्षांनी झाली, असे त्या म्हणतात. संस्कार होऊन गेला होता, मतांचा स्वीकार झाला होता, सार्वजनिक कार्यही चालू होते. राहिली होती ती हीच गोष्ट, आणि तिचे नाव त्यांनी लपविले नाही. दुष्काळात अन्नावाचून तडफडणाऱ्या मुली आणि परित्यक्ता स्त्रिया यांच्यासाठी केडगावला त्यांनी जे आश्रयस्थान उभारले, त्याला त्यांनी 'मुक्ती' हे नाव दिले. आपल्याला मिळालेली फारखती त्यांनी पेटीत जपून न ठेवता तिची वस्ती केली.

रोजची भाकर

आता दृष्टान्ताचा उत्तरार्ध. माफी मिळालेला चाकर राजवाड्याबाहेर पडतो, तोच त्याला शंभर दिनार देणे असलेला एक सोबती भेटतो. शंभर दिनार म्हणजे तीन-चार महिन्यांची मजुरी. क्षुल्लक नव्हे, पण सहा कोटींपुढे काहीच नव्हे. चाकर त्याचा गळा धरतो. सोबती जवळजवळ त्याच शब्दांत तीच विनवणी करतो, जी मघाशी या चाकराने राजापुढे केली होती. पण त्याची रवानगी तुरुंगात होते. राजाला हे कळते आणि त्याचा कोप होतो.

प्रवचनकार या चाकरास कृतघ्न म्हणतात, आणि तो आहेच. पण त्याच्या वागण्याकडे हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर दुसरी गोष्ट दिसते. ज्याचे देणे खरोखर संपले आहे असा मनुष्य शंभर दिनारांसाठी कोणाचा गळा कशाला धरील? गळा धरतो तो अजून कोठूनतरी पैसा गोळा करीत असलेला मनुष्य. मागितली मुदत, मिळाली माफी. याच्या डोक्यात मात्र मुदतच राहिली. त्याला क्षमा झाली होती आणि खात्री झाली नव्हती, आणि त्या खात्रीच्या अभावाने त्याने दुसऱ्याचा गळा आवळला.

येथे आमचे मत नमूद करून हे प्रकरण संपवितो. क्षमापत्राचा कागद, अंतःकरणाची ऊब, वर्तनाची जमाबंदी, या तिन्हींत खात्री शोधणारांनी ती ऋणकोच्या हातात शोधली, आणि ती तेथे टिकली नाही. लूथरने धनकोच्या वचनात पाहिली आणि झोनने धनकोवरच सोपविली, तेथे ती टिकली. ऋणकोजवळ दिसावी अशी खूण येशूने एकच सांगितली, ती म्हणजे गळ्यावरून सुटलेला हात. त्याने शिकविलेल्या प्रार्थनेत अनेक मागण्या आहेत. त्यांपैकी मागणाऱ्याच्या स्वतःच्या वर्तनाशी जोडलेली मागणी एकच, ती क्षमेची, आणि प्रार्थना संपताच मत्तयाच्या पाठात येशू पुन्हा त्याच एका मागणीकडे वळतो. खात्री झालेला आणि न झालेला, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, सारे ख्रिस्ती लोक ही प्रार्थना करतात, आणि तीत क्षमेची मागणी येते ती रोजच्या भाकरीच्या मागणीला लागूनच.